भिंग खाली जाताना

वडील विहिरीच्या कामावर पडून अंथरुणाला खिळले, तेव्हा आमचं घर आईच्या शिलाई मशीनवर चाललं. डिंगोऱ्यातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज तिनं शिवले. दौलतदादाला दहावीत माझ्यापेक्षा जास्त गुण होते, तरी तो आयटीआयला गेला... दोघांचं कॉलेज झेपणारं नव्हतं. म्हणून घराण्यातला पहिला पदवीधर मी. ही पदवी खरी त्याची, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगतो.

दादा भोसरीच्या एका कारखान्यात तपासणीला होता. धातू कापणाऱ्या कटरच्या धारेवरचे खड्डे भिंगातून बघायचे. भिंग वरखाली केलं की धारेचा एकेक थर स्पष्ट दिसतो, बाकीचं धूसर. धारेवरचा एखादा ठिपका स्पष्ट झाला त्या वेळी भिंग कुठं होतं, त्यावरून ठिपक्याची उंची कळते. असे सगळे ठिपके मांडले की खड्डा खोलीसकट उभा राहतो. पण हातानं हे करताना एका कटरला अर्धा दिवस जायचा. एका दिवाळीला दादा घरी आला आणि आईचं मशीन खोलून बसला. "आयं, तुझी सुई पळती ना, तसं भिंग पळवायचंय."

"पळव, पण आदी माझं मशीन जोड. लोकांची कापडं अडल्यात."

सुईच्या दांड्यासारखाच दांडा करून त्यानं भिंग नाचवलं, वर झपाट्यानं फोटो घेणारा कॅमेरा बसवला. प्रत्येक फोटोतला स्पष्ट तेवढा भाग उचलणारा प्रोग्राम मी लिहिला, डोकं त्याचं. दोन वर्षं गेली. अर्ध्या दिवसाचं काम चहा निवायच्या आत व्हायला लागलं. यंत्र प्रदर्शनात गेलं, तर माहितीपत्रकावर रचनाकार म्हणून त्याच्या साहेबांचं नाव. मी पेटलो. दादा म्हणाला, "यंत्र चालतंय ना राव? मग झालं." माझं झालं नव्हतं.

गेल्या महिन्यात दादा कारखान्यातच छातीत कळ येऊन गेला. दहाव्याला साहेब आले, कंपनीचे मालकही आले. आमच्याकडं घाटावर माइक असतो, पाहुणे श्रद्धांजलीची भाषणं करतात. साहेब म्हणाले, दौलत माझा उजवा हात होता, मी सांगायचो आणि तो जोडायचा. कावळा तोवर शिवून गेला होता, म्हणजे दादाची इच्छा उरली नव्हती. माझी उरली होती.

मी माइक घेतला. "साहेब, एकच सांगा. भिंग खाली जाताना मिळालेली उंची आणि वर येतानाची उंची जुळत नव्हती. का? अन् तुम्ही त्यावर काय केलं?"

साहेब मालकांकडं बघत राहिले. हे तांत्रिक आहे, इथं नको, असं काहीतरी पुटपुटले. मामा माझी बाही ओढत होता. "आरं, दहाव्याला असं बोलत्यात व्हय?"

उत्तर मीच दिलं. दांड्याला ढील होती. दिशा बदलली की भिंग केसभर मागं राहायचं. दादानं वर येतानाचे सगळे फोटोच टाकून दिले. "हे ज्याला सुचलं," मी म्हणालो, "त्याचा पिंड आत्ता कावळ्यानं नेला."

साहेब जेवायला थांबले नाहीत. गाडीकडं जाताना त्यांची मान खाली होती. ती बघून मला बरं वाटलं... आजही वाटतं. मोठं मन दादाचं होतं, माझं नाही.

मालक मात्र थांबले. दादाच्या मोजमापांच्या वह्या मागून त्यांनी ओसरीवर बसून चाळल्या, बरोबर नेल्या.

नवं माहितीपत्रक परवा आलं. त्यावर साहेबांचं नाव नाही. रचनाकार म्हणून दादाचं पूर्ण नाव आहे, आणि खाली गाव, डिंगोरे.