गोदामावशींचा करगोटा

मार्चमधला मंगळवार, दुपारचे साडेतीन. हजर : डॉक्टर, ड्यूटीवरची सिस्टर म्हणून मी, गोदामावशी, नाते गावचा संतोष आणि त्याची आई. संतोष स्ट्रेचरवर, ओठ जांभळासारखे. महाडच्या एका रंगाच्या कारखान्यात पाइप सुटून त्याच्या अंगावर रसायन उडाले होते. ते कातडीतून आत शिरते आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही.

गोदामावशी आमच्या वॉर्डात आया होत्या, पोलादपूरकडच्या कापडे गावच्या. कारखान्यातला पेशंट आला की हातमोजे चढवून त्या दारात आडव्या उभ्या राहत. "पयली आंघोळ, मग खाट!" कुणी लाजला तर म्हणत, "लाजतोस काय रे? तुझ्या बापाला पण हितंच न्हाणलाय मी."

त्या दिवशी डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि मावशींनी कपडे, बूट उतरवून संतोषला साबणाने धुतले. कमरेचा काळा दोरा, करगोटा, तेवढा राहू दिला. तो माणूस गेल्यावरच तोडतात.

शिरेतून निळे औषध गेले, ओठ उजळले. तासाभरात पुन्हा काळवंडले.

"परत कुठून चढतंय?" डॉक्टर म्हणाले. "अंगावर काही राहिलंय का?"

मावशींनी चादर उचलली. रसायन शोषलेला ओला दोरा कातडीत रुतला होता. "माझीच चूक, डाक्टर," म्हणत त्यांनी कात्री घेतली.

आई किंचाळली, "अगो, मेलेल्याचा तोडतात तो! माझा पोर जिता हाय!"

"जिता हाय म्हणूनच तोडते गो. नवा मी बांधीन."

दोरा तुटला. कंबर पुन्हा धुतली, औषध पुन्हा गेले. संध्याकाळपर्यंत ओठांना माणसाचा रंग आला. मग हिरवीनिळी लघवी बघून आई परत घाबरली.

"औषधाचा रंग हाय गो," मावशी म्हणाल्या. "रंगपंचमी खेळला समज."

संतोषला घरी सोडताना मावशींनी स्वतः वळलेला करगोटा त्याच्या कमरेला बांधला. मग मला म्हणाल्या, "बाय, तुझ्या कागदावर लिव. माझी चूक दुसऱ्या कुणाकडून होयाला नको." काय काय उतरवायचे त्या नळाशेजारच्या माझ्या यादीत कपडे, बूट, पट्टा होते. चौथी ओळ त्यांची : करगोटा तोडणे. पाचवीही त्यांचीच : जाताना नवा बांधणे. त्यासाठी दहाबारा वळून त्या ड्रेसिंगच्या कपाटात ठेवत.

निवृत्तीनंतर कापडे गावीच, आपल्या घरी त्या वारल्या. कपाटात त्यांच्या हातचा एकच करगोटा उरला आहे. 'काळा दोरा आणणे, नवे वळणे' ही ओळ मी दर सोमवारी माझ्या कामांच्या वहीत पुढच्या पानावर उतरवते. दुकान बसस्टँडच्या वाटेवरच आहे. दोरा अजून आणलेला नाही.