पेल्यातलं पाणी सांडलं नव्हतं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं, तो माझा थोरला भाऊ, दादा, गेला; त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीलाही तीन आठवडे झाले.

माझा विषय कोरडा आहे, तरी थोडा सांगावा लागेल. मोबाइलच्या नव्या टॉवरवर पुष्कळ अँटेना असतात. फोन एक ठरलेला संकेत पाठवतो. त्यावरून टॉवर स्वतःच्या आणि फोनच्या मधली वाट मोजतो आणि साऱ्या अँटेनांच्या लहरी नेमक्या त्या फोनवर एकवटतो. या मोजण्यात आणि पाठवण्यात अगदी बारीकसा वेळ जातो. पण फोन धावत्या गाडीत असेल, तर तेवढ्यात तो चार बोटं पुढे गेलेला असतो — आणि बिघडायला तेवढं पुरतं. माहिती शिळी होते. लहरी जातात, फोन मघाशी जिथे होता तिथे. शिळ्या माहितीवरून आत्ताची स्थिती ओळखायची एक रीत मी काढली होती. माझी पीएचडी तिच्यावरच उभी होती. संगणकावर ती झकास चालायची.

रस्त्यावर चालेना.

यवतमाळला आमच्या कॉलेजच्या गच्चीवर अँटेनांची चौकट होती. खालच्या रस्त्यावर पिकअप, तिच्यात संकेत सोडणारी डबी, शेजारी मी. गाडी चालवायला दादा. तो वणीला कोळशाचा ट्रक चालवायचा. रविवारी पहिली एसटी धरून माझ्यासाठी यायचा. गाडी एका वेगात ठेव, एवढं मी सांगितलं होतं. त्यानं डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवला. ट्रकवाल्यांत नव्या ड्रायव्हरचा हात असाच पारखतात म्हणे. "पाहून घे बापू, थेंब सांडला तं माहं नाव बदल."

नाही सांडला. आकडे मात्र वाईट आले. दुसऱ्या फेरीतही वाईट.

माझी रीत चुकली — एवढं म्हणायला काय लागत होतं? मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "दादा, तुझ्या हातानं वेग हलतो. त्यानं बिघडतंय."

तो पेल्याकडे बघत राहिला. "मंग अजून एक चक्कर मारू."

असे पाच रविवार. वेग जरासा हलल्यानं आकडे असे कोसळत नाहीत, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक असून मी त्याच्या शेजारी बसून राहायचो, दर फेरीनंतर ओठ आवळून मान हलवायचो.

सहाव्या रविवारी मी गाडी कडुलिंबाखाली उभी करायला लावली आणि मोजणी घेतली. "उभ्या गाडीचं घेऊन राह्यला?" दादानं विचारलं. तपासणीसाठी, म्हणालो. गाडी हललीच नाही की माहिती शिळी होत नाही; आकडे झकास आले. प्रबंधात ते आकडे धावत्या गाडीचे म्हणून गेले.

पदवी मिळाली. दादानं वणीत पेढे वाटले आणि स्वतःच हसत सांगत सुटला, "माह्या हातानं तं भावाची डॉक्टरी बुडालीच होती." सोबतचे ड्रायव्हर मग त्याला चिडवायचे — "काहून बे, डॉक्टर बुडव्या, आज कोनाले बुडवतं?" पुढे एकदा त्याच्या ट्रकमध्ये बसलो, तर डॅशबोर्डवर त्याचा नेहमीचा पेला नव्हता. मी विचारलं नाही. उलट — हे लिहितानाही लाज वाटते — मला सुटल्यासारखं वाटलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी पंगतीत वाढताना वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शेवटी शेवटी म्हनत, बापूचं काम माह्यानं बिघडत होतं, पन त्यानं कधी बोलून नाई दाखवलं." लोकांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांना ते दुःख वाटलं. भाजी वाढू का, वहिनींनी विचारलं. मी वाढून घेतली.

दादाही शिळ्या माहितीवरच गेला, असं एक वाक्य परवा माझ्या मनात तयार झालं, आणि मला ते आवडलंही. किती हलकट असावं माणसानं! ती माहिती शिळी नव्हती. खोटी होती, आणि मी दिलेली होती.

पाच रविवार तो पेला माझ्या डोळ्यांसमोर होता. एकदाही पाणी सांडलं नाही.