जे सापडलं नाही त्याची नोंद

एकदा झालेलं काम पुन्हा करायचं म्हटलं की आदिनाथच्या जिवावर यायचं. अहमदपूरच्या शाळेत गुरुजींनी सोडवलेलं गणित परत सोडवायला लावलं, तर हा शहाणा विचारायचा, उत्तर तर तेच येणार ना. आई केवळाबाई अंगण झाडायला सांगायची, तर आधी काल कुठं झाडलं होतं ते बघून तेवढी जागा सोडून द्यायचा. आळशी म्हणावं तर तसंही नव्हतं. नव्या कामाला तो तहानभूक विसरून जुंपून घ्यायचा. झालेल्या कामाकडं मात्र वळून बघणार नाही, म्हणजे नाही. असा माणूस पुढं कंपायलर लिहायला लागला, हे एका परीनं ठीकच झालं.

विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन, काही वर्षं पुण्यात काढून तो लातूरला परतला आणि अमृतरावांच्या कारखान्यात लागला. तिथं डाळमिलच्या यंत्रांचे कंट्रोल पॅनल बनायचे. कोणती मोटार आधी चालू व्हायची, किती लोड आला की थांबायची, हे पॅनलला सांगण्यासाठी आदिनाथनं एक छोटीशी भाषा तयार केली. त्या भाषेत लिहिलेलं यंत्राच्या पचनी पडेल असं करून देणारा कंपायलरही त्यानंच लिहिला. गावात कुणी विचारलं की केवळाबाई सांगायची, "मशिनीला बोलाया शिकवून राह्यलाय माझा लेक." याहून सोपं कुणाला सांगताही आलं नसतं.

कंपायलर चांगला होता, पण संथ. एका मिलचा एक आकडा बदलला तरी सगळ्या फाईली पहिल्यापासून वाचत बसायचा. त्याचा जाच सगळ्यात जास्त अमानला. अमान लातूरचाच, जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या महेबूबभाईंचा मुलगा, डिप्लोमा झालेला. पाठीला लॅपटॉप बांधून मोटारसायकलवर निलंगा, औसा, उदगीर असा फिरायचा आणि पॅनल चालू करून द्यायचा. कंपायलर चालू असेपर्यंत मिलवाला त्याच्या डोक्यावर उभा. "भैया, तुमचा कंपायलर लई निवांत हाय," तो आदिनाथला म्हणायचा, "मी चहा पिऊन येतो, गिलास धुऊन ठेवतो, तरी ह्याचं चालूच."

हे ऐकून आदिनाथ कामाला लागला. केलेलं काम पुन्हा करायचं नाही, हा तर त्याचा जन्माचा बाणा. त्यानं कंपायलरला नोंद ठेवायला शिकवलं. कोणता भाग कोणकोणत्या फाईली वाचून तयार झाला ते लिहून ठेवायचं. पुढच्या खेपेला त्यातली एकही फाईल बदलली नसेल तर त्या भागाला हात लावायचा नाही, आणि बदलली असेल तर तेवढाच भाग नव्यानं करायचा. बटण दाबलं की झालं. काही करण्यासारखं नसलं की पडद्यावर दोन शब्द यायचे, 'बदल नाही'. ते शब्द आदिनाथनं हौसेनं मराठीत लिहिले होते. अमानचा चहा तेवढा बंद पडला, बाकी सगळे खूश झाले.

पुढं तुरीचा हंगाम तोंडावर आला आणि उदगीरच्या गुरुपादप्पांनी मिलमधल्या एलिव्हेटरची मोटार बदलली. माल वर चढवणारी ही नवी मोटार आधीच्यापेक्षा लहान होती, म्हणजे ती कमी लोडवरच थांबायला हवी. आजवर त्यांच्या मिलला लोडच्या मर्यादेची वेगळी फाईल लागलीच नव्हती. कंपायलरची रीतच तशी होती. लोडच्या मर्यादेची फाईल आधी मिलच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधायची आणि तिथं नसली तर सगळ्या मिलसाठी ठेवलेली सामाईक फाईल घ्यायची. अमाननं गुरुपादप्पांच्या फोल्डरमध्ये नवी फाईल टाकली, बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'बदल नाही'.

दुसऱ्या दिवशी येळवस होती. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला लातूरकडं घरात कुणी थांबत नाही, सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभारायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून पंगतीला बसवायचं. त्या दिवशी कामाची गोष्ट काढणं म्हणजे पंगतीत बसून घड्याळ बघण्यासारखं. अमान दरवर्षी अहमदपूरला आदिनाथच्या शेतात यायचा. केवळाबाई त्याच्या ताटात भज्जी आणि उंडे वाढताना हात आखडायची नाही, आणि आंबिलीचा पहिला तांब्या त्यालाच द्यायची.

जेवण झाल्यावर कोपीपाशी बसून अमाननं विषय काढला. "भैया, काल उदगीरला नवी फाईल टाकली. तरी त्यानं 'बदल नाही' म्हणलं. नवी फाईल आली तर एकदा तरी काम कराया पाहिजे होतं ना त्यानं?"

"तो नाही म्हणतो म्हणजे नाही," आदिनाथ म्हणाला. "आज सण हाय. आंबील पी."

पुढं काय झालं ते मिलवाल्या कुणालाही सांगता येईल. सण झाल्यावर मिल चालू झाली, एलिव्हेटरमध्ये माल तुंबला, पॅनलनं जुन्याच मर्यादेपर्यंत वाट बघितली आणि मोटार जळाली. ऐन हंगामात मिल बंद. गुरुपादप्पा कारखान्यात येऊन अमृतरावांना नको नको ते बोलून गेले.

अमृतरावांनी दोघांना बोलावलं. आदिनाथनं नोंद उघडली. गुरुपादप्पांच्या त्या नव्या फाईलचं नाव तिच्यात कुठंच नव्हतं. ऑफिसच्या मशीनवर त्यानं सगळं पहिल्यापासून कंपाईल करून दाखवलं, तर नवी मर्यादा बरोबर लागली. म्हणजे कंपायलर ठीक. "ती फाईल तेव्हा तिथं नव्हती," तो म्हणाला. हे खोटं नव्हतं, त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

"मी आधी फाईल टाकली मालक, मगच बटण दाबलं," अमान म्हणाला.

"मिल चालू करण्याआधी कुणाला विचारलंस का?" अमृतरावांनी विचारलं.

अमाननं आदिनाथकडं बघितलं. आदिनाथ समोरचा ग्लास उचलून पाणी प्यायला. कोपीपाशी झालेलं बोलणं त्याला लख्ख आठवत होतं. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न कंपायलरवर आला असता, आणि झालेलं काम पुन्हा उकलत बसावं लागलं असतं. एवढ्याच्यासाठी तो गप्प राहिला. महिनाअखेरीला अमान कारखाना सोडून गेला. मोटार जाळणारा पोरगा म्हणून लातूरच्या मिलवाल्यांत त्याचं नाव झालं. महेबूबभाईंच्या पोराला असं नाव मिळावं, ह्याच्याइतकं वाईट काय असेल.

नंतर दसऱ्याच्या सुमाराला आदिनाथनं स्वतः एका मिलच्या फोल्डरमध्ये नवी फाईल टाकली. बटण दाबलं. 'बदल नाही'. त्यानं पुन्हा दाबलं, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. तेच उत्तर आलं.

मग मात्र त्याला बसून सगळं उकलावं लागलं. चूक सापडायला वेळ लागला नाही, ती समोरच होती. वाचलेल्या प्रत्येक फाईलची नोंद त्यानं चोख ठेवली होती. पण जी शोधली आणि सापडली नाही, तिची नोंद ठेवलीच नव्हती. तिच्या नसण्यामुळंच तर सामाईक फाईल घेतली गेली होती. तो भाग जितका असलेल्या फाईलींवर उभा होता, तितकाच तो ह्या नसलेल्या फाईलवरही उभा होता. उद्या ती आली तरी कंपायलरला पत्ता लागणार नव्हता, कारण आपण तिची वाट बघत होतो हेच त्याला ठाऊक नव्हतं. दुरुस्ती तशी किरकोळ होती.

त्यानं अमृतरावांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "झालं ते झालं. आता गुरुपादप्पाच्या कानावर नको." तरी गुरुपादप्पांना आदिनाथनं स्वतः फोन करून चूक सांगितली. पण अमान लातुरात नव्हता. कंधारला मामाच्या दुकानात मोटारींत तार भरायचं काम करत होता.

येळवशीच्या आधी आदिनाथ एसटीनं कंधारला गेला. अमान दुकानाच्या दारात बसून तांब्याची तार गुंडाळत होता. त्यानं उठून स्टूल पुसलं, चहा सांगितला. आदिनाथनं सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता. अमाननं मन लावून ऐकलं.

"म्हणजे जे न्हाई सापडलं, ते बी लिहून ठेवायचं होतं," तो म्हणाला.

"हाव. चूक माझी होती अमान. तुझी काहीच नव्हती."

"मोटारीचं मला काय न्हाई वाटलं भैया. मोटारी जळतातच, त्याच्यावरच आमचं घर चालतं." तो तार गुंडाळतच बोलत होता. "त्या दिवशी मालकांनी विचारलं तवा मी तुमच्याकडं बघितलं. म्हणलं, भैया सांगतील, यानं येळवशीला मला विचारलं होतं म्हणून. तुम्ही पाणी पीत होता." थोडं थांबून तो म्हणाला, "तुम्हाला आठवलं नसंल म्हणून मी बी गप बसलो."

इथं हो म्हणून सुटता आलं असतं. अमाननं दार उघडंच ठेवलं होतं.

"आठवत होतं," आदिनाथ म्हणाला.

अमानचा हात थांबला. मग त्यानं तारेचं टोक कापलं, गुंडाळी बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. चहा आला, दोघांनी तो घेतला. निघताना आदिनाथ म्हणाला, "आईनं येळवशीला बोलावलंय."

"आईला सलाम सांगा," अमान म्हणाला.

येळवशीला केवळाबाईनं नेहमीसारखी कोप सजवली, पंगत बसवली, आणि आंबिलीनं भरलेल्या बिंदग्यातून एक तांब्या बाजूला काढून ठेवला. दुपार कलली तरी ती बांधाकडं बघत होती. शेवटी तिनं लेकाला विचारलं, "आला न्हाई रे ते लेकरू. येतो म्हणला होता का?"

आदिनाथला राहवलं नाही. मोटार का जळाली, मालकांनी काय विचारलं, आपण काय सांगितलं नाही, सगळं त्यानं आईला सांगितलं. गेल्या येळवशीनंतर घरात हा विषय त्यानं निघूच दिला नव्हता.

केवळाबाईनं बांधाकडची नजर लेकाकडं वळवली. मग म्हणाली, "मी तर इथंच बसले होते की, मागच्या पंगतीला खीर वाढत. त्यानं विचारलेलं म्या ऐकलं होतं." तिनं बाजूला ठेवलेला तांब्या उचलला आणि आंबील परत बिंदग्यात ओतली. "मला तरी न्यायचं होतंस लातूरला. म्या सांगितलं असतं तुझ्या मालकाला."