आधी बापाने पालथं पडायचं

"भाऊ, पालथे पडा."

आमच्या घरात आल्यावर ती बाई पहिलं वाक्य हे बोलली. मी धरणगावात बियाण्यांचं दुकान चालवणारा, चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला माणूस. सासूबाईंच्या देखत सतरंजीवर पालथा पडलो.

"हात न टेकता मान उचला. दुखतं ना? मग पोरीला आळशी म्हणायचं नाही."

तुम्ही हसलात तरी चालेल, सासूबाईही हसल्या होत्या. पण या बाईबद्दल मी एकदा चारचौघांत खोटं बोललो, आणि ते सांगितल्याशिवाय तिच्याविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही.

माझी मुलगी दोन महिने आधी जन्मली. काचेच्या पेटीतून घरी आली तेव्हा तिला बाहुलीचं झबलं सैल होत होतं. अशा मुलांची मान, बसणं, चालणं मार्गी लागावं म्हणून जळगावच्या दवाखान्यातून ही थेरपीवाली ताई दर गुरुवारी एस.टी.ने यायची. व्यायाम आम्हाला शिकवायची, पोरीशी नुसत्या गप्पा मारायची.

तिच्या जिभेला हाड नव्हतं. मोठ्या डॉक्टरांबद्दल म्हणायची, "साहेबांनी जीव वाचवला, फोटो काढला, झालं. आता त्या जिवाला बसायला शिकवणं आपल्या नशिबी." पाहुण्यांना मुलीचं वय सांगताना दोन महिने कमी सांगा, असा तिचा हुकूम होता. "बायका आयुष्यभर वय चोरतात. हिला आतापासून सवय."

माझ्या आत्याने सुचवलं, पोरीला कमरेपर्यंत वाळूत पुरा, पाय धरेल.

"आधी तुम्हाला पुरू," ताई म्हणाली. "तुम्ही पळालात तर हिचं बघू."

आत्या पुन्हा गुरुवारी आली नाही.

पण माझी आई रोजच घरात होती. "बठ्ठा गाव इचारस, पोर कव्हय चालनार शे?" मलाही दुकानात गिऱ्हाइकं तेच विचारत, पोर कधी चालणार. ताईने बजावलं होतं, "पांगुळगाडा आणायचा नाही. हिचे पाय ताठ आहेत. टाचा वर धरून चवड्यांवर चालेल आणि तीच सवय लागेल." मी मान डोलावली आणि सुताराकडून सागाचा गाडा करून घेतला. पोरगी गाडा ढकलत ओटाभर फिरायची, गाव कौतुक करायचं. गुरुवारी गाडा गोदामात सरकीच्या पोत्यांमागे जायचा.

पुढच्या तपासणीला जळगावला गेलो, तर मुलीच्या टाचा टेकेनात. खोलीत दुसरे आईबाप होते, शिकाऊ मुली होत्या. डॉक्टर ओरडले, "हिला इतक्या लवकर उभं कोणी केलं?"

मी म्हणालो, "ताईंनीच सांगितलं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ताईने बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर तिची खरडपट्टी काढली, घरोघरी जाणंही बंद केलं.

बाहेर व्हरांड्यात तिने विचारलं, "गाडा सागाचा की बाभळीचा?"

"सागाचा."

"चांगला जळेल. बंब तापवा."

"तुम्ही आत काही बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही लाजेने पोरीला परत आणलंच नसतं. बाप लोकांची नाकं मला माहीत आहेत. पुढच्या गुरुवारी वेळेवर या."

आम्ही वर्षभर जळगावला जात राहिलो. ती मुलीचे पाय मांडीवर घेऊन ताणायची. मुलगी किंचाळायची, ताई तिच्याहून मोठ्याने किंचाळायची, मग दोघी हसायच्या. मी समोर बसून दर वेळी ठरवायचो, आज बोलू. पुढे ती धुळ्याला निघून गेली. जळगावातून तिचं मन उडालं, असं कुणीतरी म्हणालं. कशामुळे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मुलगी आता टाचा टेकून चालते. थोडी डुलते, पण शेजारच्या शेळ्यांना पळवण्याइतक्या वेगात. मागच्या महिन्यात तिला घेऊन धुळ्याला गेलो. ताईची खोली लेकुरवाळ्या बायकांनी भरली होती. मुलीकडे बघत ताई म्हणाली, "ही कोण जाडी आली?"

"ताई, जरा बाहेर येता? बोलायचंय."

"इथेच बोला. माझे हात अडकलेत."

तिच्या मांडीवर कुणाचंतरी इवलंसं बाळ होतं. बायका माझ्याकडे बघू लागल्या.

"हिच्या टाचा उचलल्या गेल्या होत्या, त्या माझ्यामुळे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "पांगुळगाडा मी आणला, मी लपवला आणि डॉक्टरांपुढे नाव यांचं घेतलं. ताई, चुकलो. मला माफ करा."