फोडणीला न भिणारं विष

मी अंबरनाथच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. म्हणजे वर्षभर परक्यांच्या पोरांना जिवाणूंची विषं समजावते, आणि घरी माझं कुणी ऐकत नाही.

धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा मुलीच्या वडिलांनी मानपान काहीच मागितलं नाही. बारवी धरणाकडचे माळकरी गृहस्थ. अट एकच, मुलाने दारूला शिवायचं नाही, नाहीतर मांडवातून मुलगी परत नेईन. आमच्या चामटोलीत हळदीला न पिणारा नवरदेव म्हणजे बघायला गर्दी व्हावी असा प्रकार. पण भावाने अख्खी हळद कोकम सरबतावर काढली.

हळदीचा भात पातेलंभर उरला आणि चुलीशेजारी झाकून तसाच राहिला. सकाळी आईने त्याला खमंग फोडणी दिली. हळदीच्या दुसऱ्या दिवशी घरच्यांना फोडणीचा भात हवाच, ही आमच्याकडची रीत. मी शहरात शिंप्याकडे शेरवानी आणायला गेले होते, कारण ती नवरदेवाच्या पोटावर बसत नव्हती.

परत आले तर नवरदेव मोरीत ओकत होता. आमचे काका आणि भावाचे मित्रही ओकत होते, पण त्यांनी आदल्या रात्री यथेच्छ ढोसली होती. त्यांची साक्ष कोण काढणार?

"ताई, देवाशपथ, थेंब नाय घेतला," भाऊ रडवेला होऊन म्हणाला.

कुणा हितचिंतकाने तोवर फोन केलाच होता. मुलीचे वडील बाइकवरून अंगणात उतरले आणि चप्पलही न काढता उभे राहिले. मग मी हातात शेरवानी धरून व्याख्यान सुरू केलं. त्यांना म्हटलं, काका, विषं सगळी सारखी नसतात. काही जिवाणूंचं विष त्यांच्या अंगातच असतं. ते मेले की बाहेर पडतं आणि ताप, हुडहुडी भरवतं. मेल्यावर वाटणीचं भांडण मागे ठेवून जाणाऱ्या चुलत्यासारखं. काही जिवंतपणीच विष सोडतात. धनुर्वाताचं विष स्नायू आवळतं, तर त्याच्याच भावकीतलं दुसरं ते ढिले पाडतं. पटकीचं आतड्यातून पाणी काढतं. यातली बरीचशी विषं उकळली की मोडतात. भातातलं ओकारीचं विष मात्र फोडणीला भीक घालत नाही. जंतू मरतो, विष तसंच राहतं. पोरगा खाऊन दोन-तीन तासांत ओकतोय, अंगात ताप नाही, म्हणजे हे तेच.

"पोरी, मी शाळा शिकलो नाय," ते म्हणाले. "पण हळदीच्या दुसऱ्या दिवशी पोरं कशानं ओकतात ते मला शिकवू नको."

तेवढ्यात आई तरातरा बाहेर आली. वरमाय म्हणून लग्न लागेपर्यंत तिचा उपास होता.

"माझ्या भाताला नाव ठेवायचा नाय," ती माझ्यावरच खेकसली. आणि सगळ्यांदेखत पातेल्यातला भात ताटात घेऊन उभ्यानेच खाऊ लागली. मी हात धरला, तिने हिसडा दिला. मला इतका संताप आला की शेरवानी खाली टाकली. मुलाचं लग्न मोडलं तरी चालेल, पण हिच्या हाताची चव बदनाम होता कामा नये!

मुलीचे वडील ओट्यावर बसून राहिले, जातही नव्हते.

दुपारी आई मांडवाच्या खांबाला धरून ओकली. नवी पैठणी, नथ, सगळ्यासकट. पहिले धावले ते मुलीचे वडीलच. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"ताप नाय," ते म्हणाले. मग बाइककडे वळले. "गोरजाला पोरीला घेऊन येतो. पोराला साखर-मिठाचं पाणी पाजा."

मी आईला आत निजवलं, घोटघोट पाणी पाजत होते आणि तोंडाने तिला झोडपत होते. उपास मोडलास, विष खाल्लंस, कशासाठी? एवढ्याशा भाताच्या अब्रूसाठी?

"तू सांगितलास ते कलला व्हता मना," ती डोळे मिटून म्हणाली. "पण तुझा कोण ऐकतो? मी दारू पीत नाय, ह्यो तं त्यांना म्हाईत हाय ना."