धाकटीला गाडी लागते

आमच्या धाकटीला गाडी लागायची, आणि तेवढ्या एका गुणावर तिनं अख्खा कुलाबा जिल्हा पुढच्या खिडकीत बसून पाहिला. मी मागे. आई आणि बाबांच्या मध्ये, पायाखाली नारळांचं पोतं, नाकासमोर आतोबांची मान. म्हसळ्याचा घाट कसा आहे असं मला कुणी विचारलं, तर मी अजूनही सांगीन, केसाळ आहे.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मुंबईला ते एका शेठची गाडी चालवायचे. शेठ परगावी गेला तेव्हा त्याला विचारून ते ती गाडी घेऊन आत्यासकट नागावला आमच्या वाडीत हजर झाले. म्हणाले, "आपलं राज्य झालं, आता आपला मुलूख तरी बघू या!" हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण वेगळं होतं. आत्याला मूलबाळ नव्हतं. आम्हां दोघी बहिणींपैकी एकीला ती दादरला नेणार होती, शिकवायला, कायमची. कोणाला, ते ठरायचं होतं. आणि असली गोष्ट आमच्याकडे देवीला विचारल्याशिवाय ठरत नसे. देवी दिवेआगरच्या बाजूला, आमच्या मूळ गावी. म्हणून ही सगळी सहल.

मला दादर हवं होतं. हवं म्हणजे काय, रात्रंदिवस तेच डोक्यात. गावातली शाळा चौथीला संपली, ती मी पहिल्या नंबरानं संपवली, आणि तेव्हापासून वाडीत पडलेल्या सुपाऱ्या वेचत होते. धाकटीला अजून तीनचा पाढा येत नव्हता. शाळेच्या नावानं ती पोट दुखतंय म्हणून लोळायची. आता सांगा, कोणाला न्यायला हवं होतं?

पण वडखळपर्यंत जेमतेम पोचलो आणि बाईसाहेबांनी भडाभडा ओकून टाकलं. झालं! आत्या कळवळली. "अगंबाई, पोर पांढरीफटक पडली. वहिनी, द्या तिला पुढे." धाकटी आत्याच्या मांडीवर गेली ती तिथंच राहिली. आत्या तिला लिंबू हुंगवतेय, पदरानं वारा घालतेय, तोंड पुसतेय. काय तो थाट! नागोठणं आलं, "ते बघ सोन्या, नदी." कोलाड आलं, "ते बघ सोन्या, केवढा डोंगर." सोन्या! आमच्या घरात तिला कुणी सोन्या म्हणत नव्हतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

माणगावला थांबलो. धाकटीला गोळीचा सोडा मिळाला, पोटाला बरा म्हणून. मला बशीतला अर्धा चहा. मग मीही ठरवलं. घाट लागल्यावर हळूच घशात बोट घातलं. ओकारी कसली, एक मोठा ढेकर आला, सकाळच्या घावन्यांचा. आईनं पाठीत धपाटा घातला. "नाटकं पुरेत." पुढे आत्या हसली. धाकटीही हसली मेली, मान वळवून, मला दाखवून.

हरिहरेश्वरला खडकांतून प्रदक्षिणेची वाट आहे. खाली समुद्र आदळत असतो, भल्याभल्यांचे पाय कापतात. मी सगळ्यांच्या पुढे ताडताड चालले, आत्यानं बघावं म्हणून. मोठमोठ्यानं बोलत होते, पाढे म्हणत होते. मागे वळून पाहिलं तर धाकटी आतोबांच्या खांद्यावर, आणि आत्या तिचा पाय धरून चाललेली, पडेल म्हणून. कोण बघतंय माझ्याकडे? श्रीवर्धनच्या मुक्कामात ती आत्याच्या पदराखाली झोपली. मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि तिला ताप यावा अशी इच्छा केली. लगेच मागे घेतली, कारण ताप आला असता तर तिचे आणखी लाड झाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीच्या देवळात गेलो. लहानसं कौलारू देऊळ, मागे सुपारीची वाडी. कौल लावायचा म्हणजे गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची ओली पाकळी चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. आत्या हात जोडून उभी राहिली. गुरव खणखणीत आवाजात म्हणाला, "आई, ही तुझी लेक मुंबईसून आलेली हाय. भावाच्या धाकटीला नेऊ का म्हनते. व्हय तर व्हय सांग, न्हाय तर न्हाय."

उजवी पाकळी टपकन पडली.

आत्या रडायलाच लागली. धाकटीला उचलून मुके घेत सुटली. मी देवीकडे पाहिलं. तूसुद्धा? त्या क्षणी मला देवीचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही.

तेवढ्यात आई पुढे झाली. "पुन्हा लावा," ती म्हणाली.

गुरव म्हणाला, "एका गोष्टीला एकच कौल, वयनी."

"माझी गोष्ट वेगळी आहे. तिला विचारा, धाकटी माझ्याजवळच राहू दे का? ती गेली तर मला घर खायला उठेल."

गुरवानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान डोलावली. पुन्हा पाकळ्या लागल्या. बराच वेळ काहीच पडेना. मी मनातल्या मनात देवीच्या पाया पडत होते. उजवी पाड गं, उजवी पाड, राहू दे तिला इथंच. आणि उजवीच पडली.

गुरव डोकं खाजवत म्हणाला, "देवीआईनं तुमा दोघींनाबी व्हय म्हटलं."

बाबांनी तोडगा काढला. "मग धाकटी राहू दे. ताई, तू मोठीला ने."

आत्यानं धाकटीला खाली ठेवलं. दोन दिवसांत पहिल्यांदा तिनं मला नीट पाहिलं. चेहरा पडला होता, पण तिनं हात पुढे केला. मला दादर मिळालं! हसू दाबता येईना. आतोबा म्हणाले, "मग मोठीसाठीही एक कौल लावून घेऊ या का?"

आई धाकटीच्या फ्रॉकचा पट्टा बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "तिच्यासाठी काय विचारायचं? ती जाईल."