अक्काची पालथी पानं

पत्ते वाटले की अक्का एकदाच बघायची. मग पानं मांडीवर पालथी ठिवायची आन दुसऱ्या बायांची तोंडं बघत बसायची. "माजी पानं कुठं पळून चालली? पळापळ तिकडं लागलीय," म्हनायची.

अक्का म्हंजी माजी थोरली जाऊ. आमी तिसगावाकडच्या. दोघींचे धनी लवकर गेले. ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरत्यात. आमी दोघी जावा मिळून एक कोयता. गाडी यायला उशीर झाला की फडातच पाचटावर बसून तिनं मला रमी शिकवली. मला काय ती आली न्हाई. बरं पान दिसलं की मी उतावळी. अक्का म्हनायची, "साळे, वाईट पानानं बाई मरत न्हाई, ती टाकूनच देती. बऱ्यापैकी पानानं मरती."

एका सालाला मी गाडी भरताना मोळीसकट फळीवरनं पडले. कंबर गेली. दसरा तोंडावर आला, मुकादमाची गाडी येनार. रोज उठायची, कंबर बांधायची, चार पावलं टाकायची, परत बसायची. न जावं तर खावं काय?

त्या नवरात्रात भिंगारला बायांची रमीची स्पर्धा निघाली. शेवटी उरतील त्या तिघींना सारखंच बक्षीस, मोटरवरचं शिलाई मशीन. पह्यली काय न तिसरी काय. अक्का म्हनली, "तुला शिवता येतं, मला खेळता येतं. चल."

दुपारपातूर चौघी उरल्या. एकशेएक गुन चढले की बाई बाद. आधीच पानं टाकली तर वीस चढत्यात, खेळून हरलं तर किती बी. अक्काचे अठ्ठ्याहत्तर. समोर एक चष्मेवाली, तिचे नव्वद. बाकी दोघींचे लई कमी, त्या निवांत.

पानं वाटली. मी मागनं बघितलं. बदामाची लाइन लागलेली, एक जोकर, बाकी इस्कटलेलं. पन जमन्यासारखं हुतं.

"खेळ की, अक्का!"

"ओ मावशी, मागनं बोलायचं न्हाई," स्पर्धेवाली एक पोरगी वरडली.

अक्कानं चष्मेवालीकडं बघितलं आन पानं पालथी टाकली.

"अगं, जोकर हुता!"

"हुता."

"अठ्ठ्यान्नव झाले की!"

"झाले. मला टाकून जगता येतंय, तिला टाकता बी येत न्हाई. गप बस, कंबर दुखल."

मी उठले, बसले. पान्याच्या जारपातूर गेले, न पिताच माघारी आले. तवर त्या निवांत दोघींतल्या एकीनं डाव लावला. चष्मेवालीच्या हातात चाळीसच्या वर गुन निघाले, ती बाद. तिनं चष्मा काढून पदराला पुसला. अक्का तिला म्हनली, "बाई, तुज्या जागी मी बी खेळलेच असते."

टेम्पोत मी मशीनवर हात ठिवून बसले. करंजीच्या घाटात ध्यानात आलं.

"अक्का, मी तोडीला न्हाई आले तर तुजा कोयता?"

"अर्धा."

अर्ध्या कोयत्याला मुकादम कुनाच्या बी मागं जुपतो. दुसऱ्याच्या मोळ्या बांधायच्या, दुसऱ्याची बोलनी खायची.

"मग गं?"

"वीस गुन गेले म्हन. डाव हाय अजून."

तीन हंगाम ती तशीच अर्ध्या कोयत्यानं तोडीला गेली. चवथ्या शिमग्यात घरीच खाटंवर वारली. तिची शेवटची चोळी मीच शिवली, ह्याच मशीनवर. अजून काय बरं दिसलं की माजा हात पुढं पळतो. मग मी तो मांडीवर पालथा ठिवते.